निळा रंग फसवतो तेव्हा

दोस्तांनो, डाळीत आणि अंड्यात प्रथिनं असतात, हे तुम्हाला पाठच आहे. पण मूठभर मातीतही ती असतात, ठाऊक होतं? मेलेली मुळं, बुरशी, जिवाणू यांच्या अंगातली! सूक्ष्मजीव ती फोडतात आणि त्यांतला नायट्रोजन पिकांना मिळतो. म्हणून जमिनीचा कस ठरवताना हा आकडा मोलाचा. पण तो नेमका काढणं महाकठीण!

जुनी रीत केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाची, 1883 सालची. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि 6.25 ने गुणायचं. (प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. 100 ला 16 ने भागून बघा!) पण हा नायट्रोजन आला कुठून, ते या रीतीला कळतच नाही. शेतात टाकलेलं अमोनियाचं खतही प्रथिन म्हणून मोजलं जायचं! 2008 साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळून चाचणीला असंच फसवलं गेलं आणि तान्ही बाळं आजारी पडली.

मग दुसरी रीत, ब्रॅडफर्ड यांची, 1976 ची. यातला तपकिरी रंग प्रथिनाला चिकटला की निळा होतो. जितका गडद निळा, तितकं प्रथिन जास्त. सोपं ना? पण मातीतली प्रथिनं चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगलेली असतात. ती सोडवायला माती सायट्रेटच्या द्रावणात घालून, प्रेशर कुकरसारख्या यंत्रात 121 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. बाहेर काय येतं? कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी! कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातले ह्युमिक पदार्थही सोबत आलेले असतात, आणि ते निळ्या रंगाच्या मोजणीत लुडबुड करतात.

1996 मध्ये अमेरिकेत सारा राइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशाच अर्कातून 'ग्लोमालिन' शोधलं. मुळांशी दोस्ती करणाऱ्या बुरशीचं हे प्रथिन, असं मानलं गेलं. एवढ्या उष्णतेत बाकीची प्रथिनं टिकणारच नाहीत, असा हिशेब होता. तो चुकला! 2006 मध्ये काही संशोधकांनी गायीच्या रक्तातलं प्रथिन मुद्दाम मातीत मिसळलं, तर तेही अर्कात हजर! तेव्हापासून बरेच जण त्या आकड्याला नुसतं 'मातीतलं प्रथिन' म्हणतात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

ही अडचण घरीच बघायची आहे? एका पेल्यात साधं पाणी घ्या, दुसऱ्यात गार झालेला कोरा चहा. दोन्हींत निळ्या शाईचा एकेक थेंब टाका, ढवळा आणि धाकट्या भावंडाला विचारा, शाई कशात जास्त आहे?