चेतकचं डाएट

बाबांनी त्यांची १९९४ची टू-स्ट्रोक चेतक मला एका अटीवर दिली, ‘नीट ठेवलीस तर तुझी, नाहीतर विकून टाकतो.’ मी लाडात येऊन तिच्या गिअरबॉक्समध्ये कारचं सगळ्यात महागडं सिंथेटिक ऑइल ओतलं. महाग म्हणजे बेस्ट, आपला नेहमीचा हिशेब! चौथ्या दिवशी कात्रजच्या चढावर इंजिन किंचाळतंय, स्कूटर जागची हलत नाही आणि मागे बसवाला हॉर्नवर हॉर्न.

मेकॅनिक काकांनी ऑइल बोटावर चोळून पाहिलं. ‘‘हे कोणी सांगितलं भरायला?’’ मी गप्प.

तर भानगड अशी, की चेतकचा क्लच गिअरबॉक्सच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइल्समध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. कारचा क्लच बहुतेक कोरडा, त्यामुळे तिला चालतं. इथे मात्र प्लेट्स घसरायला लागतात. काकांनी सगळं काढून साधं एसएई ३० भरलं. (बाइकवाल्यांनो, तुम्ही डब्यावर ‘जासो एमए’ शोधा.)

इंजिनाचं खाणं वेगळंच. पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच ऑइल त्याला मिळतं, लिटरला २० मिली टू-टी. विसरलात तर पिस्टन जाम, जास्त ओतलंत तर धूर आणि प्लगवर काजळी. पूर्वी पंपावर मिसळून मिळायचं, आता डिकीत बाटली ठेवायची.

रविवारी बाबा आले. किक मारली, क्लच सोडून पाहिला.

‘‘ऑइल बदललंस?’’

‘‘हो. तीस नंबर.’’

काही न बोलता आईला मागे बसवून चक्कर मारायला गेले.