काकांची गिटार आणि काकूची पेट्टिगि

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला जाणं झालं. निमित्त काकांच्या ऐंशीचं. निघताना आईने बजावलं, "त्यांनी आपणहून गिटार दिली तर घेऊन ये. मागू मात्र नकोस." आमच्या घरात या गिटारीचा विषय बरीच वर्षं जरा नाजूक होता. का, ते पुढे येईलच.

काका तरुणपणी बेळगाव सोडून सुरतेच्या आर्ट सिल्कच्या गिरणीत नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. काकू गोकाकची. अडाजणमधल्या त्यांच्या घरात भाजीवालीशी गुजराती, शेजाऱ्यांशी हिंदी, आमच्याशी मराठी आणि काकू रागावली की कन्नड, असा चौरंगी कारभार चालतो. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

तर ही गिटार. उभी धरून वाजवायची ती नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवतात, उजव्या हाताने तारा छेडतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरवतात. तारा पट्टीपासून उंच असतात, बोटाने दाबायच्या नसतातच. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाता येतं, आपल्या मींडेसारखं. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू या मुलाने ही पद्धत रूढ केली, असं मानतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत तिचं वेड पसरलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीने बाजारात आणलेली विजेवरची गिटारसुद्धा मांडीवरचीच होती आणि तव्यासारख्या आकारामुळे तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव पडलं. आपल्या देशात हे वाद्य रुजायला ताऊ मो या हवाईयन कलावंताचा मोठा हातभार लागला. १९४० च्या दशकात तो कुटुंबासह कलकत्त्यात राहत होता. पुढे व्हॅन शिपलेंनी हिंदी सिनेमाची गाणी तिच्यावर वाजवून घराघरांत पोचवली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांची म्हणून आपण ओळखतो, पण तिसरं वाद्य काब्रांची गिटार आहे. काब्रा मूळचे जोधपूरचे, अहमदाबादला राहिले आणि २०१८ साली वारले. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं ते याच घराण्यातल्या वाद्याचं रूप बदलून.

काकांनी आपली गिटार साठच्या दशकात मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनीच घेतली होती. मथळ्यावरचं नाव कधीच पुसलं गेलंय. लांबी ३२ इंच, अंग भरीव लाकडाचं, वजन तीन किलोंच्या पुढे. माझी लेक दोन वर्षांपासून साधी गिटार शिकते. 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकून तिने विचारलं, "ही कुठली गिटार, बाबा?" मी फोनवर काकांना ते सहज सांगितलं होतं, एवढंच.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी कपाटावरून गाठोडं काढायला लावलं. जुन्या इरकल साडीत गुंडाळलेली गिटार निघाली. काकांचा डावा हात आता थरथरतो. कांडी तारेवर ठेवली की सूर हलतो. ते म्हणाले, "पोरीला दे. पण आधी पेटी. एकदा बिनपेटीची पळवली, आता नाही." आतून काकू म्हणाली, "पेट्टिगि इल्लद कळसब्याड्री!"

मग काय, पेटीची शोधाशोध सुरू. भागळ भागात दोन-तीन वाद्यांची दुकानं पालथी घातली. पहिल्या ठिकाणी "पेटी हवी" म्हटल्याबरोबर पोऱ्याने हार्मोनियम पुढे केली. चूक त्याची नाही. मराठीत हार्मोनियम म्हणजे पेटीच, आणि आपल्या भागात कन्नड बोलणारेही पेटी मास्तरच म्हणतात. दुसऱ्याकडे गिटारीच्या पेट्या होत्या, पण साध्या गिटारीच्या. त्यात आमचं वाद्य मोठ्या पाळण्यात तान्हं बाळ ठेवावं तसं इकडून तिकडे गडगडत होतं. कापडी पिशवी मिळत होती, तिचा रेल्वेत काय उपयोग? आपल्याकडे मिरजेला सतारीची किंवा तानपुऱ्याची गवसणी हवी तशी शिवून मिळते. पण या वाद्याला ना मिरज, ना सुरत.

शेवटी वाट दाखवली रिक्षावाल्याने. म्हणाला, नवरात्रात गरब्याला एवढे डीजे लागतात, त्यांची यंत्रं कशात नेतात? आणि त्याने थेट लिंबायतला नेलं. लिंबायत, उधना या भागात खानदेशातून आलेली मराठी माणसं इतकी की पाट्या वाचेपर्यंत आपण धुळ्यात आहोत असंच वाटावं. तिथे प्लायवूड, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि लोखंडी कोपरे मारून डीजेवाल्यांच्या पेट्या बनवणारा एक कारागीर भेटला. अहिराणी वळणाचं मराठी बोलत होता. त्याने आधी किंमत सांगितली नाही. विचारलं, "वाजवतं कोण?" मी लेकीचं सांगितलं. मग म्हणाला, "उद्या माप आणा."

माप काकांनी स्वतः काढलं. गुजराती वर्तमानपत्र जमिनीवर पसरून त्यावर गिटार ठेवली आणि थरथरत्या हाताने कडेने पेन्सिल फिरवली. मी रेघ सरळ करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. फोम कापताना अर्धा इंच सोडतातच." त्या दिवशी त्यांनी सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही जुन्या तारवाद्याला लागू आहेत, म्हणून इथे लिहितो. नुसती लांबी-रुंदी मोजू नये. घोडीजवळची आणि खुंट्यांजवळची उंचीही मोजावी, नाहीतर झाकण तारांवर दाबतं. आधार अंगाला आणि मानेला द्यावा, मथळा मोकळा राहावा. पोलादी कांडी पेटीत सुटी टाकू नये, तिला वेगळा कप्पा हवा, नाहीतर तीच वाद्याला खोक पाडते. जुन्या पॉलिशला रेक्झिन किंवा रबर थेट लागू देऊ नये, वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने पॉलिश चिकट होतं. मध्ये सुती कापड हवं. नव्या पेटीचा सरसाचा वास जाईपर्यंत ती उघडी ठेवावी. प्रवासात तारा थोड्या सैल कराव्यात, आणि आपल्यासारख्या पावसाळी गावात ओल शोषणाऱ्या पुड्या आत ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात.

"सुती कापड" म्हटल्यावर काकूने तीच इरकल साडी पुढे केली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, ही तर तुमची जुनी साडी." ती म्हणाली, "ट्रंकेतली एवढीच उरली."

आता ती नाजूक गोष्ट. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. अडाजणमध्येही पाणी शिरलं. काका तेव्हा तळमजल्यावर राहत होते. गिटारीची मूळ लाकडी पेटी खाटेखाली फुगून उकलली. काकूच्या माहेरच्या साड्यांची ट्रंक चिखलाने भरली. गिटार मात्र तिसऱ्या मजल्यावर सुखरूप. बेळगावात आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला: काकांनी वाद्य वाचवलं, बायकोची ट्रंक सोडली. आई तर लग्नाकार्यात हे बोलूनही दाखवायची. काका ऐकून घेत.

काकूने साडीची घडी घालता घालता सांगितलं, "हे घरात नव्हतेच. मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या आजीला पाठीवर घेऊन वर गेले होते. पाणी उंबऱ्याला लागलं. ट्रंक मला एकटीला उचलेना. वरची साडी काढली, यात ही गुंडाळली आणि जिना चढले. पेटीसकट नेली असती, पण पेटी जड."

"मग एवढी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"माझी आई होती ना तेव्हा. तिने एकेक साडी जमवून दिलेली. मीच टाकून आले म्हटलं असतं तर तिला लागलं असतं. यांना म्हटलं, तुम्ही सोडली म्हणून सांगा. हे हो म्हणाले." मग जरा थांबून, "आई गेल्यावर सांगायचं होतं. पण कुणी विचारलंच नाही. होगलि बिड्री."

काका खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी मान वर केली नाही. मलाही काही सुचलं नाही.

चार दिवसांनी पेटी तयार झाली. आत फोम, फोमवर इरकलीचं अस्तर, काठ नेमका मानेच्या खाली आलेला. दोन दिवस ती गच्चीच्या दाराशी उघडी ठेवली. मग काकांनी स्वतः तारा सैल केल्या, गिटार ठेवली आणि दोन्ही कड्या लावल्या. पेटी त्यांनीच रिक्षापर्यंत धरली, मला धरू दिली नाही.

पुण्या-मिरजेमार्गे घरी आलो. लेकीने पेटी उघडली तेव्हा आई शेजारी होती. तिची नजर गिटारीवर गेलीच नाही. "ही साडी त्यांच्या लग्नातली," ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग फोन मागितला. काकूशी ती एरवी मराठीत बोलते. त्या दिवशी आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मुद्दाम अंगणात गेलो.

आपल्या प्रत्येकाच्या घरात नात्यातल्या कुणाबद्दल असं एखादं पक्कं झालेलं मत असतंच. वाचकहो, या सुट्टीत जमलं तर त्या माणसाला एकदा विचारून बघा. उत्तर कदाचित तयारच असेल.

लेकीच्या हातून अजून नुसते ओरखडे निघतात. काका रोज रात्री फोनवर ऐकतात आणि म्हणतात, "कांडी दाबू नकोस, नुसती टेकव."