दारावरची घंटा

भुशीचा पाऊस जूनमध्ये येतो आणि घरजावयासारखा सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकून राहतो. लोणावळ्याच्या या परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपड्यांना वास येतो, काड्यापेटी पेटत नाही. हे सारे आम्हाला सवयीचे. पण या आषाढात पावसाने आमच्या दारावरच्या स्मार्ट घंटेलाच गाठले, आणि मग घरात थोडा गोंधळ उडाला.

ही घंटा मीच हौसेने बसवली होती. वडील गेल्यापासून आई भुशीच्या घरी एकटी असते. मी नोकरीनिमित्त पुण्यात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला येणाऱ्यांची रीघ लागते. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेले हे धरण आता महाराष्ट्राची सहल झाले आहे. त्या गर्दीतले कोणी गाडी लावायला जागा मागते, कोणी पाणी, कोणी आणखी काही. दाराशी कोण आले आहे ते मला पुण्यात बसून दिसावे, दोन शब्द बोलता यावेत, एवढाच माझा हेतू होता.

ती बंद पडल्यावर मी रीतसर तक्रार नोंदवली. पलीकडून अतिशय मंजूळ आवाजात उत्तर आले, 'सर, हे दुरुस्त होत नाही. नवीन घ्यावे लागेल.' वस्तू जेमतेम दोन पावसाळे जुनी! तिला उघडून पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. मला राग आला, आणि शनिवारी मी भुशी गाठली.

आमच्या शेजारचे काका नौदलातून निवृत्त झाले आहेत. जहाजांवर आयुष्य काढलेल्या माणसाला खारे वारे आणि ओल यांचे काय कौतुक! त्यांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला. आपल्याकडे साध्या घंटेच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वीज येते. स्मार्ट घंटेला मात्र ती ट्रान्सफॉर्मरने बरीच उतरवून द्यावी लागते. त्यामुळे या कामात घाई नको, आणि माहिती नसेल तर वायरमनला बोलवावे, हे काकांचे पहिले वाक्य. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हातही लावायचा नाही, हे दुसरे. आमची फुगलेली नव्हती.

घंटा भिंतीवरून उतरवली आणि रोग सापडला. वायरीसाठी पाडलेले भोक मी बसवताना तसेच उघडे ठेवले होते. भिंतीतले पाणी वायरीवरून ओघळत घंटेच्या पाठीत शिरले होते आणि तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढला होता. म्हणजे दोष जितका पावसाचा, तितकाच माझा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन आम्ही जोड स्वच्छ केले. मी तांदळाचा डबा आणायला निघालो, तर काका हसले. तांदूळ ओल फारशी शोषत नाही, उलट त्याची पूड आत जाते. घंटा दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यावर सुकवली. भोक सिलिकॉनने बुजवले, वायरीला खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. वर पत्र्याची छोटी पडवी लावली. खर्च दोनशे रुपयांच्या आत. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली!

अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३१ मध्ये लांबच लांब तारेतून वीज पाठवून घंटा वाजवून दाखवली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे विजेची घंटा ही गल्लीतल्या वायरमनने दहा मिनिटांत नीट करायची वस्तू होती. तिच्यात कॅमेरा आणि इंटरनेट शिरले, आणि ती आपण विकत घेतलेली असूनही आपल्याला उघडता येईनाशी झाली. हा प्रश्न एका घंटेचा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले, ते याचसाठी. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण हक्क कागदावर मिळाला तरी पाना हातात आपणच घ्यायचा असतो.

घंटा वाजली तेव्हा मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिले. ती म्हणाली, ''झाली का सुरू? बरं झालं. पण खरं सांगू? हे आठ दिवस माणसं हाक मारून घरात आली. दूधवाला, पोस्टमन, खालच्या आळीतली मालन. एरवी मी गुडघे सांभाळत दारापर्यंत पोचते, तोवर तू पुण्यातूनच त्यांच्याशी बोलून त्यांना वाटेला लावलेलं असतंस.''

मी गप्प झालो. आईच्या काळजीपोटी मी तिचे दारच माझ्या खिशात घेऊन फिरत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

त्या संध्याकाळी माळ्यावरची जुनी डिंग-डाँग घंटा काढून पुसली. येत्या आठवड्यात वायरमन ती पुन्हा जोडून देणार आहे. स्मार्ट घंटाही राहील. पण तिचा निरोप माझ्या फोनवर आता फक्त रात्री आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत येईल. इतर वेळी दाराशी आलेल्या माणसाने थोडे थांबावे. आईला उठायला वेळ लागतो, पण ती येते.