सूर्य सर्वांचा, अनुदान बंगल्याचे!

सूर्याला अर्घ्य देणाऱ्या या देशात घराच्या छपरावरील सौरविजेला राजमान्यता मिळाली, ही समाधानाचीच गोष्ट होय. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सौरऊर्जेचे उद्दिष्ट १०० गिगावॅटवर नेले आणि त्यांतील ४० गिगावॅट २०२२ पर्यंत छपरांवरून यावेत असे ठरविले. माळरानांवर विशाल प्रकल्प उभे राहिले. छपरे मात्र मुदत संपली तेव्हा आपल्या उद्दिष्टाच्या चतुर्थांशापर्यंतही पोहोचली नव्हती. हे वैगुण्य दूर करण्यासाठीच फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ आली. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि एक कोटी घरांचे लक्ष्य! हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ‘घर’ या शब्दाच्या अर्थाचा.

ज्याचे छप्पर स्वतःचे, त्याला एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. म्हणजे तीन किलोवॅटच्या यंत्रणेस किलोवॅटमागे २६ हजार. गृहनिर्माण संस्थेला मात्र किलोवॅटमागे १८ हजार, आणि तेही उद्वाहन, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक सोयींपुरते. पुण्यासारख्या शहरातील मध्यमवर्ग बंगल्यात राहतो, असे योजनाकारांना वाटते काय? कोथरूड असो, सिंहगड रस्ता असो वा हडपसर. येथील संसार एका गच्चीखाली वीस-वीस, चाळीस-चाळीस कुटुंबांनी थाटलेले आहेत. कर्जाचे हप्ते फेडून सदनिका घेणाऱ्या शिक्षकाला कमी आणि बंगलेवाल्याला अधिक, हा कोणता न्याय?

त्यात गच्चीच्या मालकीचे त्रांगडे आहे. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यानुसार जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देणे हे विकासकाचे कर्तव्य. ते पाळले जात नाही म्हणून पुढे ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. तरीही असंख्य संस्था आजही त्या कागदाविना आहेत. जी गच्ची कायद्याने आपली झालेली नाही, तिच्यावर पंचवीस वर्षे टिकणारी यंत्रणा कोणत्या भरवशावर उभारावी? सौरऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या शासनाने प्रथम हा प्रश्न निकाली काढला पाहिजे.

महापालिकेचे धोरणही तपासून पाहू. सौरयंत्रणा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प राबविणाऱ्या मिळकतदारास पुणे महापालिका करात ५ टक्के, तर दोन वा अधिक राबविणाऱ्यास १० टक्के सवलत देते. कल्पना उत्तम, परंतु ही सवलत यंत्रणा बसविण्यापेक्षा ती चालविण्याशी घट्ट जोडलेली हवी. बांधकाम परवानगीसाठी विकासकाने बसविलेले सौर बंब दोन-चार वर्षांत गळू लागतात, नळ्या क्षाराने भरतात आणि गच्चीवर केवळ सांगाडा उरतो. मग सवलत कशासाठी? सौर वीजयंत्रणेला तर मीटर असतो. किती युनिट निर्माण झाले, हे दरमहा कळते. मग करसवलत युनिटांशी का जोडू नये?

छपरावरच्या विजेमुळे वितरण कंपनीचे नुकसान होते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. अधिक वीज वापरणारा ग्राहकच चढा दर भरतो. तो गेला की गरिबाच्या स्वस्त विजेचा भार कोणी उचलायचा? शिवाय सूर्य मावळल्यावरही मागणी असतेच. परंतु यावरचा उपाय छपरे रिकामी ठेवणे हा नव्हे. विजेचा साठा आणि वितरण जाळे सुधारणे हा आहे. २०२४ च्या केंद्रीय नियमांनी १० किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेस तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट काढून टाकली, ती याच दिशेने.

एका गच्चीवरील वीज अनेक सदनिकांच्या देयकांत वाटून वळती करण्याची पद्धत दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच घालून दिली. अशी तरतूद नियमपुस्तकात असून भागत नाही. ती प्रत्येक सदनिकेच्या वीजबिलावर उतरली पाहिजे. तेव्हाच सामाईक गच्ची खऱ्या अर्थाने प्रत्येकाचे छप्पर होईल.

यात स्वदेशीचाही प्रश्न गुंतलेला आहे. सूर्यघर योजनेच्या अनुदानासाठी भारतात बनलेलेच सेल व पॅनेल वापरण्याची अट आहे. सौर सामग्रीची जागतिक बाजारपेठ चीनच्या मुठीत असताना ही अट मोलाची ठरते. शहरातील प्रत्येक रिकामी गच्ची म्हणजे देशी उद्योगाने गमावलेला एक ग्राहकच!

मात्र सर्व खापर सरकारच्या माथी फोडून आपण मोकळे होऊ नये. वार्षिक सभेत गळतीची भीती, वाळवणाची अडचण आणि ‘मला काय त्याचे’ ही वृत्ती यांपायी किती प्रस्ताव बारगळतात, हे आपण जाणतोच. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. हा हिशेब मांडण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. शेजाऱ्याशी बोलण्याची तयारी लागते. संस्थेच्या पुढील सभेत हा विषय मांडावा, अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा आणि मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे : गच्ची आमची, ऊन आमचे, मग अनुदानात दुजाभाव का?