‘बघू’ म्हणणारा नेता



निवडणुकीचा हंगाम आला की आमच्या रायपूरच्या स्टेशनावर, आर.एम.एस.च्या दारात आणि वॅगन रिपेअर शॉपच्या गेटबाहेरच्या टपरीवर एकच चर्चा रंगते : अमुक साहेब या वेळी उभे राहणार की नाही? साहेबांना विचारावे तर ते हसून म्हणतात, “बघू.” चहाबरोबर ही चर्चा गोड लागते. पण या ‘बघू’ची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो करावा म्हणून हे चार शब्द.

आमच्या छत्तीसगडचेच उदाहरण घ्या. राज्याचे पहिले मुख्यमंत्री श्री. अजित जोगी यांनी 2016 साली काँग्रेसमधून बाहेर पडून स्वतःचा पक्ष काढला. 2018 च्या विधानसभा निवडणुकीच्या कित्येक महिने आधी त्यांनी जाहीर केले की, आपण राजनांदगावला मुख्यमंत्री डॉ. रमणसिंह यांच्याविरुद्ध लढणार. ऑक्टोबर उजाडला आणि सांगण्यात आले की, जोगी कोठूनच लढणार नाहीत, राज्यभर प्रचार करतील. त्यानंतर थोड्याच दिवसांत मरवाहीचे उमेदवार म्हणून त्यांचे नाव पुढे आले. तेथून ते निवडूनही आले.

जोगींच्या जिद्दीविषयी आम्हास शंका नाही. 2004 च्या मोटार अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी पुढची सोळा वर्षे राजकारण केले. तसे करणे कोणा ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. पण राजनांदगावात त्यांच्या नावाने कामाला लागलेल्या साध्या कार्यकर्त्याने काय करायचे? आज भिंत रंगवायची आणि उद्या पुसायची? त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला 5 जागा मिळाल्या. मे 2020 मध्ये जोगींचे निधन झाले. नोव्हेंबरमधील पोटनिवडणुकीत मरवाही काँग्रेसकडे गेली आणि 2023 च्या विधानसभेत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. एका माणसाच्या खांद्यावर उभी केलेली इमारत त्या माणसानंतर टिकत नाही, हेच यातून दिसते.

महाराष्ट्रातही वेगळे नाही. 2019 साली श्री. शरद पवार माढ्यातून लोकसभा लढवणार अशी हवा झाली आणि मार्चमध्ये त्यांनीच माघार जाहीर केली. 2 मे 2023 रोजी त्यांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडत असल्याचे सांगितले. कार्यकर्ते रडले, अडून बसले, आणि 5 मे रोजी तो निर्णय मागे घेतला गेला. जुलैमध्ये पक्ष दुभंगला. फुटीची कारणे अनेक असतील. पण ‘यांच्यानंतर कोण?’ या प्रश्नाचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले होते, हे कोण नाकारील?

आणि आपले जॉर्ज? 1974 च्या मे महिन्यातील रेल्वे संपाचे नाव काढले की आजही जुन्या कामगाराचा ऊर भरून येतो. त्याच जॉर्ज फर्नांडिस यांना 2009 साली त्यांच्या पक्षाने प्रकृतीचे कारण देऊन तिकीट नाकारले. ते मुझफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले आणि पडले. 1977 मध्ये तुरुंगात असताना ज्या मतदारसंघाने त्यांना लाखोंच्या मताधिक्याने निवडून दिले होते, तोच हा मतदारसंघ. थांबायचे कधी, हे आपण ठरवले नाही तर दुसरे कोणीतरी ठरवते, आणि ते सन्मानाने होईलच असे नाही.

आता पुढाऱ्यांना नावे ठेवून आम्ही मोकळे झालो असतो. पण मन खाते. कारण हेच पाप आमच्याही हातून घडले आहे.

आमच्या शाखेच्या गेल्या अधिवेशनापूर्वीची गोष्ट. एक तरुण पॉइंट्समन आमच्याकडे आला. ड्युटी-अवर्सचे नियम त्याला तोंडपाठ, लेखी तक्रार आमच्यापेक्षा नीटस. म्हणाला, “काका, तुम्ही सेक्रेटरीला उभे राहणार का? राहणार असाल तर मी गप्प बसतो.” आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, “बघू रे.” महिन्याने तो पुन्हा आला. पुन्हा ‘बघू’. शेवटच्या दिवशी चार जुन्या सभासदांनी आग्रह केला आणि आम्ही अर्ज भरला. बिनविरोध निवडून आलो, हार घातले गेले. तो मुलगा त्यानंतर युनियन ऑफिसची पायरी चढला नाही. डिसेंबर 2024 मध्ये रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, तेव्हा लॉबीपासून लॉबीपर्यंत फिरायला तरुण पाय हवे होते. ते आम्हास मिळाले नाहीत. दोष कोणाचा?

खरे सांगायचे तर आमचे ‘बघू’ हे सभासदांच्या काळजीपोटी नव्हते. खुर्ची गेली की दारात तक्रारी घेऊन कोणी येणार नाही, फोन वाजणार नाही, ही भीती होती. निवृत्तीनंतरही पदावर राहण्यास कायदा आडवा येत नाही. 2001 च्या दुरुस्तीने तर निवृत्त कामगाराला ‘बाहेरचा’ धरू नये, असेच ट्रेड युनियन कायद्यात घातले गेले. म्हणजे थांबवणारे दुसरे कोणी नाही. आपणच थांबायचे.

यावर कोणी म्हणेल, अनुभवी माणूस गेला तर प्रशासनाचे फावेल. मुद्दा खोटा नाही. पण अनुभव हा काही पीएफसारखा एकाच्या खात्यात साठवायचा नसतो. तो वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो. म्हणून आमची सूचना अशी : अधिवेशनाच्या तीन महिने आधी प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपण उभे राहणार की नाही हे शाखेच्या सभेत स्वच्छ सांगावे. प्रशासनाबरोबरच्या बैठकीत प्रत्येक वेळी एक तरुण सभासद सोबत न्यावा आणि त्याला बोलू द्यावे. आणि सभासदांनीही ‘साहेब, तुम्हीच राहा’ हा लाडिक आग्रह सोडावा. त्या आग्रहात प्रेम असते, पण थोडा आपला आळसही असतो.

सुरुवात आमच्यापासून करतो. येत्या अधिवेशनात आम्ही सेक्रेटरीपदासाठी उभे राहणार नाही. त्या पॉइंट्समनच्या क्वार्टरवर आम्ही गेल्या रविवारी स्वतः जाऊन आलो आणि त्याला हेच सांगितले. तो लगेच ‘हो’ म्हणाला नाही. “काका, बघू,” म्हणाला. त्याचा तो हक्क आहे, आणि ती आमचीच शिकवण आहे. पण आता वाट पाहण्याची पाळी आमची.

कामगार एकजुटीचा विजय असो!