रेनबो फिशचा रंग खरा, पण खानदान कोणतं?

फिश टँकच्या दुकानात रेनबो फिशची पिल्लं मागितली, की समोर येतात फिके, चंदेरी मासे. ‘मोठे झाले की रंग येतो,’ असं दुकानदार सांगतो. ते खोटं नसतं. रेनबोला रंग उशिरा येतो आणि तो नरात जास्त खुलतो. उजेड, खाद्य आणि टँकमधली दादागिरी यांवरही तो कमी-जास्त होतो.

खरा घोळ पुढे आहे.

हे मासे मूळचे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी बेटाचे. निळा लॅकस्ट्रिस पापुआ न्यू गिनीतल्या कुटुबू तलावाचा. पुढून निळसर आणि मागून केशरी असलेला लोकप्रिय बोसेमनी इंडोनेशियातल्या अयामारू तलावांच्या भागातला. त्याचं शास्त्रीय वर्णन १९८० मध्ये झालं. आज तो जंगलात धोक्यात आहे. टँकमध्ये मात्र त्याची चलती आहे.

पण टँकमधले सगळे बोसेमनी शुद्ध नाहीत. रेनबोच्या अनेक जाती निसर्गात एकमेकींपासून वेगळ्या पाण्यात राहतात, म्हणून त्यांची सरमिसळ सहसा होत नाही. एका टँकमध्ये ठेवल्या की होते. मादी झाडांवर किंवा लोकरीच्या झुपक्यावर रोज थोडी थोडी अंडी घालते. साधारण आठवडाभरात पिल्लं निघतात, आणि कोणतं पिल्लू कुणाचं हे बघून कळत नाही. अशी संकरित पिल्लंही पुढे ‘बोसेमनी’ म्हणूनच विकली जातात. दोन-चार पिढ्यांत केशरी रंग मळकट होतो. अशा माशांच्या भरवशावर मूळ जात उद्या तलावात परत सोडता येणार नाही.

शिरपूरचा संबंध काय?

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या घरगुती युनिटसाठी ३ लाख रुपये खर्च धरला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४०%, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०% अनुदान. म्हणजे १ लाख २० हजार किंवा १ लाख ८० हजार. शेतीला जोडधंदा शोधणाऱ्या तालुक्यात हा आकडा छोटा नाही.

त्यात भांड्यांवर पांढरा थर सोडणारं बोअरचं जड पाणी बोसेमनीला चालतं, कारण अयामारूचे तलाव चुनखडीच्या भागातच आहेत. अडचण उन्हाळ्याची. शिरपूरचा मे महिना या माशांना सोसणारा नाही, सावली आणि हवेच्या पंपाचा खर्च आधीच धरावा लागेल.

आणि सुरुवातीच्या जोड्या स्वस्त मिळाल्या म्हणून मिसळीच्या घेतल्या, तर पुढची सगळी पिल्लं तशीच निघतील. विकत घेताना नुसतं ‘रेनबो’ ऐकून थांबू नका. जात कोणती, मूळ तलाव कोणता आणि आई-बाप इतर रेनबोंपासून वेगळे ठेवले होते का, हे विचारा. पिल्लांऐवजी मोठा नर दाखवायला सांगा. नकोसे झालेले मासे अनेर किंवा तापीत सोडायचे नाहीत, ते दुकानदाराला परत द्यायचे.