शस्त्रक्रियेनंतर काय?

पोटातून केसांचा गोळा निघाला की त्याची बातमी होते. तो का झाला, हा प्रश्न मात्र बातमीबरोबरच विरून जातो. स्वतःचे केस उपटून गिळण्याची सवय बहुधा किशोरवयीन मुलींत आढळते. केस पचत नाहीत. ते जठरात साचून घट्ट होतात. भूक मंदावते, उलट्या होतात, वजन घटते. दुर्बिणीची तपासणी किंवा सीटी स्कॅन यांवरून निदान होते. फळभाज्यांच्या तंतूंचा गोळा कधीकधी कोला पेयानेही विरघळतो. केसांचा मोठा गोळा मात्र बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

सालेकसा वा देवरीच्या मजुराने तपासणीसाठी गोंदियास यायचे, म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. रोवणीच्या किंवा तेंदूपानांच्या हंगामात ती परवडत नाही. दुखणे लांबते आणि औषधाने भागले नाही की पोट उघडण्याची वेळ येते.

२०१६ साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हे स्वागतार्हच. परंतु शस्त्रक्रिया हा अर्धाच उपचार होय. केस उपटण्यामागचा मानसिक ताण कायम राहिला, तर गोळा पुन्हा होऊ शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून मानसोपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे. तेव्हा आश्रमशाळांतील आरोग्य तपासणीत डोक्यावरच्या विरळ केसांचीही नोंद व्हावी आणि रुग्णालयातून घरी निघणाऱ्या मुलीच्या हाती मानसोपचाराची पुढील तारीख असावी. गोळा काढण्यावर खर्च करून त्याचे कारण तसेच ठेवणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.